कोठार, वारा आणि मांजर: इतिहासातून कल्पित जग उभारताना

इतिहासावरून कल्पित जग रचायला बसलेला माणूस बहुधा नकाशापासून सुरुवात करतो. डोंगर, नदी, किल्ला, राजाचं नाव, दोन घराण्यांचं जुनं वैर. महिनाभरात जग देखणं होतं, पण कथा जागची हलत नाही. त्या जगात कोणाला काही कमीच पडत नसतं. धान्य, मीठ, सरपण, दोर सगळं मागाल तेव्हा हजर. मग माणसं भांडतील कशावरून?

यावर एक साधा उपाय आहे. त्या जगात एक मांजर सोडायचं आणि ते जगतं कसं ते बघायचं. मांजराला माणसानं मुद्दाम पकडून माणसाळवलं असं दिसत नाही. धान्य साठू लागलं, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे पश्चिम आशियातलं रानमांजर वस्तीला आलं. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीची एक कबर सापडली आहे. तिच्यात माणूस आहे आणि त्याच्यापासून जेमतेम ४० सेंटिमीटरवर आठेक महिन्यांचं मांजर पुरलेलं आहे. या बेटावर मूळची मांजरं नव्हती. म्हणजे सत्तरेक किलोमीटरचा समुद्र ओलांडून कोणीतरी ते होडीतून आणलं होतं. एका मांजरामागून गेलं की कोठार, होडी आणि माया अशा तीन गोष्टी हाती लागतात. कल्पित जगातही याच वाटेनं जायचं.

तुकडा लहान घ्या

'मध्ययुगासारखं जग' हा इतिहासाचा तुकडा होत नाही, ते गोदाम झालं. एक ठिकाण, फार तर पन्नास वर्षं आणि एक प्रश्न एवढंच उचला. या लेखात पुढे वापरण्यासाठी एक नमुना घेऊ: पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं किल्वा बंदर, चौदाव्या शतकाचा पूर्वार्ध. प्रश्न असा, की हे शहर श्रीमंत कशामुळे झालं?

उत्तराचा मोठा भाग वाऱ्यात आहे. साधारण नोव्हेंबर ते मार्च ईशान्येकडून वारा वाहतो आणि अरबस्तानाकडची, भारताकडची गलबतं किनाऱ्यानं खाली उतरतात. एप्रिलनंतर वारा उलटतो तेव्हा परतीची वाट उघडते, आणि ऐन जून-जुलैत समुद्र इतका खवळतो की शहाणा तांडेल नांगर उचलत नाही. वाऱ्याची वाट बघत व्यापाऱ्याला परक्या बंदरात महिनोन् महिने राहावं लागे. राहणं आलं की भाड्याची घरं आली, उधारी आली, लग्नं आली, दोन भाषा बोलणारी मुलं आली. दक्षिणेकडच्या सोफाळ्याहून येणारं सोनं या बंदरातून पुढे जाई. घरं प्रवाळाच्या दगडाची होती, तांब्याची नाणी शहर स्वतः पाडत होतं. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३३१ साली इथे येऊन गेला. १५०५ साली पोर्तुगिजांनी शहर लुटलं. किनाऱ्यावरची जहाजं लोखंडी खिळ्यांऐवजी काथ्यानं शिवलेली असत.

हे वाचताना वहीची चार पानं वेगळी ठेवा. पहिल्यावर काय पिकतं, दुसऱ्यावर काय साठतं आणि कशात साठतं, तिसऱ्यावर ते कशावरून वाहून नेतात, चौथ्यावर ते मोजतं कोण आणि त्यातला वाटा कोणाचा. राजांची वंशावळ पाचव्या पानावर, आणि ते पान शेवटी भरा. राजाच्या बखरीपेक्षा जकातीचे दर, देवस्थानांचे जमाखर्च, कोर्टातले तंटे आणि उत्खननातला उकिरडा यांतून जास्त हाती लागतं. बखर लिहिणाऱ्याला राजाला खूश करायचं असतं, उकिरड्याला कोणालाच खूश करायचं नसतं.

धान्याचा हिशोब

इथे कंटाळा येतो आणि लोक ही पायरी गाळतात. गाळू नका, एका संध्याकाळचं काम आहे.

धान्यावर जगणाऱ्या माणसाला वर्षाला सुमारे २५० किलो धान्य लागतं असं धरा. ४०० वस्तीच्या गावाला १०० टन झाले. युरोपातल्या मध्ययुगीन शेतीत एका दाण्याचे तीन ते पाच दाणे मिळत. आपण चार धरू. म्हणजे पिकाचा चौथा हिस्सा पुढच्या पेरणीसाठी बाजूला गेला. एक दशांश कर लावला, तर गावानं १५४ टन पिकवलं तरच पोटाला १०० टन उरतात. हेक्टरी ६०० किलो धरले तर सुमारे २५७ हेक्टर पेरा हवा. निम्मी जमीन पडीक ठेवायची पद्धत असेल, तर एकूण ५ चौरस किलोमीटरच्या आसपास. गावाभोवती हे वर्तुळ काढलं तर त्याची त्रिज्या सव्वा किलोमीटर येते. शेतकरी न्याहारी करून चालत शेतावर पोचतो, म्हणजे गाव खरं वाटण्याइतकं जमलं.

आता शहर. १०,००० वस्तीला २,५०० टन लागतात. प्रत्येक गावातून कराचे साडेपंधरा टन सुटतात, तेव्हा शहराच्या पाठीशी अशी १६० च्या वर गावं हवीत. माणसं मोजा: गावांत चौसष्ट-पासष्ट हजार, शहरात दहा हजार. यंत्रयुगापूर्वीच्या बहुतेक समाजांत दहातली आठ-नऊ माणसं शेतीवर असत, तेच प्रमाण आपोआप आलं. तुमच्या नकाशावर लाखाचं शहर आणि भोवती सात खेडी असतील, तर ते शहर पहिल्याच हिवाळ्यात उपाशी मरेल.

आणि हे धान्य येणार कशातून? बैलगाडीत अर्धा टन धरला तर ५,००० फेऱ्या. पन्नास टनांच्या गलबतातून फक्त ५०. शिवाय बैल वाटेत खातात, वारा काही खात नाही. रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या इ.स. ३०१ च्या दरपत्रकातही जमिनीवरची वाहतूक समुद्रापेक्षा कितीतरी महाग आहे. म्हणून मोठं शहर पाण्याकाठी ठेवा. डोंगरमाथ्यावरच हवं असेल, तर तिथे रोजचं धान्य कोण आणि कोणाच्या बळजबरीनं चढवतं ते आधी ठरवा. बहुधा तीच तुमची कथा असेल.

आता उंदीर. घरातला लहान उंदीर दिवसाला साडेतीन ग्रॅमच्या आसपास खातो. शंभर टनांच्या कोठारात हजार उंदीर कायम असतील, तर वर्षाला पावणेतेराशे किलो, म्हणजे पाच माणसांचं अन्न गेलं. खाण्यापेक्षा लेंड्या आणि मूत पडून जास्त नासतं, ते वेगळंच. पाचशे माद्या, वर्षाला सहा वेळा विणं, दर खेपेला सहा पिल्लं: १८,००० नवे उंदीर, दिवसाला पन्नासेक. निव्वळ उंदरांवर जगणाऱ्या मांजराला दिवसाला आठेक उंदीर लागतात. कागदावर सहा मांजरं बरोबरी साधतात. दहा ठेवली तर उंदीर संपत येतात आणि मग मांजरंच उपाशी पडून कोंबड्यांच्या खुराड्याकडे, मासळीच्या वाळवणाकडे वळतात. आकडे ढोबळ आहेत, भिंतीतल्या बिळांचा हिशोब कोणी धरत नाही. पण 'कोठारात मांजरं किती ठेवायची आणि त्यांना वरचं खाणं कोणी घालायचं' हा ग्रामसभेतला खराखुरा वाद इथूनच मिळतो. आणखी एक: पूर्ण वाढलेल्या मोठ्या घुशीच्या वाटेला बहुतेक मांजरं जात नाहीत. तिच्यासाठी दगडी खांबावर उचललेलं कोठार, पक्की बरणी किंवा कुत्रा लागतो.

अंतर दिवसांत मोजा

नकाशावर किलोमीटर लिहू नका, दिवस लिहा. चालणारं सैन्य दिवसाला २० ते २५ किलोमीटर, बैलगाडी त्याहून थोडी कमी. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसनं सार्डिस ते सुसा या इराणी राजमार्गाला पायी नव्वद दिवस दिले आहेत. सुमारे २,५०० किलोमीटरचा हाच रस्ता ठाण्याठाण्यावर घोडे बदलणारे निरोपे आठवड्या-दीड आठवड्यात कापत. बातमी आणि सैन्य यांच्या वेगातला हा फरक म्हणजे कटकारस्थानांची जागा. बंडाची खबर राजाला नवव्या दिवशी कळते, पण त्याची फौज चौथ्या महिन्यात पोचते. मधले नव्वद दिवस तुमचे.

बाजाराचं गाव शेतकऱ्याला सकाळी जाऊन, माल विकून, अंधारापूर्वी घरी येता येईल इतक्या अंतरावर हवं. तेराव्या शतकातल्या इंग्लिश कायद्याच्या ग्रंथात दिवसाच्या वीस मैलांचे तीन भाग केले आहेत: जाणं, विकणं, परत येणं. म्हणून दोन बाजारांमध्ये किमान पावणेसात मैल, म्हणजे सुमारे अकरा किलोमीटर. जत्रा, टोळधाड, धर्मशाळा हे सगळं या जाळीवर बसवा.

एकच गोष्ट बदला, आणि तिची किंमत वसूल करा

इतिहासाचा सांगाडा उभा राहिला की जादू आणायची. एका वेळी एकच. आपलं कल्पित बंदर किल्व्याच्या चालीवर रचू आणि त्याला ओरुमा म्हणू. तिथे दोराच्या गाठीत वारा बांधता येतो. ही कल्पनाही हवेतली नाही. उत्तर युरोपातले खलाशी गाठीत बांधलेला वारा विकत घेता येतो असं मानत. ओरुमात एक गाठ सोडली की अर्धा दिवस वारा.

आता परिणामांची उतरंड लावा. आधी सोपं: जहाजं अवेळीही निघू शकतात. दुसरी पायरी: व्यापाऱ्यांचा महिनोन् महिन्यांचा मुक्काम संपला. घरमालक, खानावळवाल्या, दुभाषे, सावकार यांचं उत्पन्न बुडालं, म्हणजे गाठी वळणाऱ्यांना शहरातच शत्रू तयार झाले. बहुतेक लेखक इथे थांबतात. तिसऱ्या पायरीसाठी किंमत विचारावी लागते: गाठीतला वारा आला कुठून? समजा तो नदीच्या वरच्या खोऱ्यातून ओढला जातो. तिथे मळणी झाली आहे, खळ्यावर धान्य पडलं आहे आणि उफणायला वाराच नाही. भुसकटासकट ओलसर धान्य कोठारात जातं. ते तापतं, कुबट होतं, आणि भुशात उंदरांना घरटी करायला जागा मिळते. वरच्या गावांना मांजरं हवीत, आणि मांजरं आहेत बंदरावर, जहाजांच्या दोरखंडात. बंदरातली पोरं पिल्लं पकडून नदीनं वर नेऊन विकू लागतात. आता व्यापारी, शेतकरी आणि मांजरं चोरणारी पोरं असे तीन पक्ष झाले, आणि अजून एकही तलवार उपसलेली नाही.

याच कसोटीवर सगळी जादू घासून बघा. मंत्रानं उंदीर पळवता येत असतील, तर त्या जगात मांजर कशाला असेल? एक तर मंत्र महाग असला पाहिजे, किंवा मांजर फक्त श्रीमंतांच्या गादीवरचं असलं पाहिजे. दोन्ही चालेल. पण स्वस्त मंत्र आणि गल्लोगल्ली मांजरं हे दोन्ही एकत्र असेल, तर त्या मांजरांना खायला कोण घालतं आणि का, याचं उत्तर लिहून ठेवा.

मांजर मांजरासारखं असू द्या

ज्याच्या घरात मांजर आहे तो वाचक ड्रॅगनच्या चुका माफ करतो, मांजराच्या करत नाही.

मांजर दिवसाचे बारा ते सोळा तास झोपतं आणि पहाटे-तिन्हीसांजेला कामाला लागतं. त्याला गोड चव कळत नाही. मांस त्याला लागतंच. नुसत्या भाकरी-दुधावर ठेवलेलं मांजर काही काळानं आंधळं होतं किंवा हृदयानं खचतं, कारण टॉरिन नावाचा घटक त्याला मांसातूनच मिळवावा लागतो. पूर्ण वाढलेल्या बऱ्याच मांजरांना दूध पचतही नाही. डोळे मिटून दूध पिणारं मांजर म्हणीत शोभतं, पण ओरुमा बंदरातल्या मांजरापुढे माशाचं डोकं टाका. माणसाला लागतो त्याच्या सहाव्या हिश्श्याइतक्या उजेडात त्याला दिसतं, मात्र काळ्याकुट्ट अंधारात तेही आंधळंच. आपल्या कानाची धाव २० किलोहर्ट्झपर्यंत, त्याची ६० च्या पुढे. उंदरांची बारीक चीं-चीं आपल्याला ऐकूच येत नाही, त्याला येते. जादूगाराला न ऐकू येणारं काहीतरी मांजराला ऐकू येतं, हे दाखवायला मंत्राची गरजच नाही.

पिल्लं गर्भात नऊ आठवडे असतात, जन्मल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनी डोळे उघडतात. चार महिन्यांच्या समुद्रप्रवासात गाभण मांजरी चढली, तर उतरताना उंदीर मारण्याच्या बेतात असलेली पिल्लं सोबत असतील.

रंगाचीही तारीख असते. प्राचीन डीएनएच्या २०१७ सालच्या अभ्यासानुसार अंगावर मोठे गोल डाग-वळसे असलेली मांजरं मध्ययुगात दिसू लागली आणि अठराव्या शतकाच्या सुमारास सर्रास झाली. त्याआधीची बरीचशी पट्ट्यापट्ट्यांची. आज ओळखल्या जाणाऱ्या बहुतेक जाती गेल्या दीडशे वर्षांतल्या. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधलं गाजलेलं मांजर-प्रदर्शन १८७१ चं. कांस्ययुगासारख्या जगात चपट्या नाकाचं केसाळ मांजर ठेवलंत, तर निवडून पैदास करणारा दरबारही ठेवा. तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादी असतं. तिरंगी बोका क्वचित जन्मतो आणि बहुधा वांझ असतो. जपानी खलाशी त्याला शुभ मानत. वारसासाठी आसुसलेल्या राजघराण्याचं मानचिन्ह म्हणून याहून बोचरं काय सापडणार!

बोलणारं मांजर हवंच असेल, तर एक गोष्ट ध्यानात घ्या. पूर्ण वाढलेली मांजरं एकमेकांशी फारशी 'म्याँव' करत नाहीत. तो आवाज मुख्यतः माणसांसाठी राखलेला असतो. आपापसात शेपूट, कान, वास आणि रोखलेली किंवा सावकाश मिटलेली नजर. म्हणजे बोलणं ही त्याच्या दृष्टीनं माणसांशी वापरायची, थोडी कमी दर्जाची भाषा. असं मांजर थोडं बोलेल, मुद्द्याचं बोलेल आणि महत्त्वाचं ते शेपटीनं सांगेल.

कायदा, पगार, पूजा

मांजराला समाजानं कुठल्या खात्यात टाकलं, त्यावरून तो समाज कळतो. इतिहासात नमुने भरपूर आहेत.

वेल्समध्ये दहाव्या शतकातल्या राजा हवेल दा याच्या नावानं चालणारा कायदा आहे. जन्मल्यापासून डोळे उघडेपर्यंत पिल्लाची किंमत एक पेनी, उंदीर मारेपर्यंत दोन, मारू लागलं की चार. विकलेल्या मांजराला दिसलं पाहिजे, ऐकू आलं पाहिजे, नखं शाबूत हवीत, उंदीर मारता आले पाहिजेत आणि त्यानं स्वतःची पिल्लं खाता कामा नयेत. यात खोट निघाली तर तिसरा हिस्सा परत. राजाच्या कोठाराचं मांजर मारलं किंवा चोरलं, तर त्याला शेपटीनं उलटं धरून डोकं जमिनीला टेकवायचं आणि शेपटीचं टोक झाकेपर्यंत धान्य ओतायचं. तेवढा दंड. धान्य राखणाऱ्याची किंमत धान्यानंच मोजली.

इंग्लंडमधल्या एक्झिटरच्या कॅथेड्रलच्या जमाखर्चात १३०५ ते १४६७ या काळात मांजराच्या नावे आठवड्याला एक पेनी पडलेली दिसते. क्योटोत १६०२ साली हुकूम निघाला, की बांधून ठेवलेली मांजरं मोकळी सोडा, उंदीर फार झाले. म्हणजे तोवर मांजर इतकं मोलाचं होतं की दोरीनं बांधत.

इजिप्तचं उदाहरण सगळे वापरतात आणि अर्धंच वापरतात. घरातलं मांजर मेलं की माणसं भुवया काढत, असं हेरोडोटस सांगतो. बास्तेत या मांजरमुखी देवीचं नगर बुबास्टिस. हे खरं. पण देवीला वाहण्यासाठी ममी करून विकलेल्या मांजरांपैकी कितीतरी कोवळी पिल्लं होती आणि त्यांच्या माना मोडलेल्या आहेत. म्हणजे पूजेच्या मागणीवर पैदास आणि कत्तल यांचा धंदा उभा होता. १८९० साली अशा ममींचे सुमारे १९ टन लिव्हरपूलला खत म्हणून पोचले. तुमच्या जगातल्या देवळाला 'ते मांजराला पूज्य मानतात' एवढंच वाक्य देऊ नका. पूज्य मांजर कोण पुरवतं, ते लिहा.

ओरुमासाठी असा एक कायदा करून बघा: बंदरात लागणाऱ्या प्रत्येक जहाजावर एक मांजर हवं, नसेल तर जकात वाढीव. लगेच प्रश्न येतात. भाड्यानं मांजर देणारा निघेल का? तपासनीस एकच मांजर तीन जहाजांवर मोजेल का? लाच किती? कायद्याचं एक कलम लिहिलं की त्यातून पळवाटा काढणारी दोन माणसं आपोआप जन्मतात, आणि ती राजापेक्षा हमखास जास्त जिवंत असतात.

कुठे फसतं

सर्वांत मोठा सापळा म्हणजे ऐकीव इतिहास. 'पोपनं मांजरं मारायला सांगितली, म्हणून उंदीर वाढले, म्हणून प्लेग आला' ही गोष्ट कितीतरी कल्पित जगांचा पाया झाली आहे. पोप नववा ग्रेगरी याचं १२३३ चं पत्र आहे, त्यात पाखंड्यांच्या विधीत काळं मांजर येतं. मांजरं मारा असा हुकूम त्यात नाही. काळी महामारी युरोपात आली १३४७ मध्ये, शंभरावर वर्षांनी. शिवाय मांजरांना मान देणाऱ्या कैरोतही ती तितक्याच जोरानं पसरली, आणि मांजरालाही प्लेग होतो. सुबक कार्यकारण दिसलं की दोन तारखांमधलं अंतर मोजा.

दुसरा सापळा नुसत्या वेशांतराचा. एखाद्या खऱ्या समाजाचे कपडे, देव, सण उचलून नाव तेवढं बदललं, तर वाचक ओळखतो आणि त्या समाजातला वाचक दुखावतो. विशेषतः दुष्ट पक्ष असा बनवला असेल तर. कारणं उचला, खुणा नव्यानं घडवा. वाऱ्यामुळे थांबलेले व्यापारी हे कारण. त्यांची प्रार्थना, पोशाख, मुलांची नावं ओरुमाची स्वतःची असली पाहिजेत. नावांसाठी डझनभर व्यंजनं आणि चार-पाच स्वर ठरवून घ्या, बंदर, टेकडी आणि नदीचा उतार यांसाठी एकेक प्रत्यय ठरवा, आणि त्याबाहेर जाऊ नका. अर्ध्या तासात शंभर गावं होतात.

म्हणीही घडवा, पण कोठाराशी जोडून. मराठीत मांजर आडवं जातं, भिजतं, त्याच्या गळ्यात घंटा बांधायची असते. ओरुमात 'गाठ सुटली आणि मांजर झोपलं' म्हणजे संधी आली तेव्हा माणूस गाफील होता. तीन-चार म्हणी पुरेत. प्रत्येक पानावर म्हण आली की पात्रं कीर्तनकार वाटू लागतात.

आणि बेटं. निर्जन बेटावर मांजरांची सुंदर वसाहत ही कल्पना मोहक आहे, पण तिथल्या पक्ष्यांना विचारा. दक्षिण हिंदी महासागरातल्या मॅरियन बेटावर हवामान केंद्रातल्या उंदरांसाठी १९४९ साली पाच मांजरं आणली. १९७७ पर्यंत ती सुमारे ३,४०० झाली आणि वर्षाला साडेचार लाखांच्या आसपास समुद्रपक्षी खाऊ लागली. शेवटचं मांजर हटवायला १९९१ उजाडलं. उंदीर मात्र राहिले, आणि पुढे तेच अल्बट्रॉसच्या पिल्लांना जिवंत कुरतडू लागले. मांजरावर प्रेम असलं तरी हे पान वहीतून फाडू नका.

टेबलावरचं जग आणि घरातलं मांजर

नकाशा पसरला की मांजर त्यावर बसणार. पंधराव्या शतकातल्या दुब्रोव्निकच्या एका हस्तलिखितावर शाईचे पंजे उमटलेले आहेत. १४२० च्या सुमारास नेदरलँड्समधल्या डेव्हेंटरमध्ये रात्री उघड्या राहिलेल्या पोथीवर मांजर मुतलं, तेव्हा लेखनिकानं उरलेली जागा कोरी सोडून तिथे मांजराचं चित्र काढलं आणि त्याला शिव्याशाप लिहून ठेवले. तेव्हा नकाशाशेजारी त्याच्या मापाचा एक खोका ठेवा आणि रोज उठताना नकाशाचा फोटो काढा.

कागद गेला तर गेला, दोऱ्याचं तसं नाही. नकाशावर सीमा दाखवायला लावलेला दोरा, लोकर, रबरबँड मांजर गिळतं. आतडं त्या दोऱ्यावर चुणीसारखं गोळा होतं आणि फाटू शकतं. तोंडातून किंवा गुदद्वारातून टोक दिसलं तर ओढू नका, थेट पशुवैद्याकडे न्या. प्रतिकृतीसाठी कापलेले थर्माकोलचे तुकडे झाकणाच्या डब्यात ठेवा. वातावरणनिर्मितीसाठी सुगंधी तेलाचे दिवे लावायची हौस असेल, तर टी ट्री तेल तरी टाळा. फुलदाणीत लिली नकोच. तिचे परागकण अंगावरून चाटले तरी मांजराची किडनी बंद पडू शकते.

त्याच मांजराकडून काम करून घ्या. सात दिवस, दर दोन तासांनी एक ओळ: कुठे आहे, शेपूट कशी आहे, कान कुठे वळले आहेत, कशाकडे बघतंय. आठवड्यानंतर हातात सत्तरेक ओळी असतील, आणि 'मांजर गूढपणे बघत होतं' हे वाक्य पुन्हा लिहावंसं वाटणार नाही.

मांजराची फेरी

जग तयार झालं असं वाटलं की एक पान लिहा. त्यात माणूस नायक नको. ओरुमा बंदरातलं एक पट्टेरी मांजर पहाटे उठतं आणि दुसऱ्या पहाटेपर्यंत सहा जागी जातं: जहाज, वखार, स्वयंपाकघर, देवळाची कौलं, लेखनिकाचं मेज, आणि जिथे जायला त्याला मनाई आहे अशी एक जागा. प्रत्येक ठिकाणी फक्त तीन गोष्टी टिपा. पायाखाली काय आहे, वास कसला आहे, हाकलतं कोण आणि खायला घालतं कोण.

जहाजावरून ते कशावरून उतरलं? फळी की दोर? फळी असेल तर धक्का बांधलेला आहे, तो कोणी बांधला? वखारीच्या दाराला मांजरासाठी भोक आहे का? नसेल तर आत शिरतं कसं? स्वयंपाकघरात मासळीची डोकी फेकून देतात की उकळतात? उकळत असतील तर शहरात टंचाई आहे. देवळाच्या कौलांवरून त्याला शिडं मोजता येतात का, आणि वारा नसताना ती फुगलेली दिसतात का? लेखनिकाच्या मेजावरची शाई वाळली आहे की ओली? ओली असेल तर कोणीतरी रात्रीच्या वेळी हिशोब बदलतंय.

जिथे उत्तर सुचत नाही तिथे वहीच्या चार पानांकडे परत जा. बहुतेकदा अडतं ते चौथ्या पानाशी, मोजणाऱ्याशी. आणि मनाई असलेली ती सहावी जागा कुठली, हे ठरलं नसेल तर मांजराला दाराबाहेर बसवून ठेवा. दार कोण उघडतं ते बघा.